गिऱ्हाईक घाबरलेलं असतं

"विचार करून कळवतो."

काहीही विकणाऱ्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. समोरच्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलेलं असतं, मधूनमधून मान डोलावलेली असते, दर विचारलेला असतो आणि तो ऐकून त्याच्या कपाळावर आठी पडलेली नसते. जमलं असं वाटत असतानाच तो उठतो आणि हे वाक्य म्हणतो. पुढे तो काही कळवत नाही.

मी बरीच वर्षं छोट्या व्यावसायिकांसाठी मजकूर लिहिते. माहितीपत्रकं, दरपत्रकं, वेबसाइटची पानं, ऑर्डर मिळाल्यावर जाणारे मेसेज, तक्रारींना द्यायची उत्तरं असं सगळं. त्यामुळे हे 'कळवतो' माझ्या कानावर सारखं पडतं आणि त्यावरचं विक्रेत्यांचं निदानही. ते जवळजवळ नेहमी एकच असतं: "दर जास्त वाटला त्याला." मग दर उतरतो. माणसं तरीही विचार करून कळवण्यासाठी निघून जातात.

दर हे खरं कारण क्वचित असतं, असं माझं मत होत गेलं आहे. 'महाग आहे' हे बोलायला सोपं आणि सभ्य कारण आहे. "मला भीती वाटतेय" असं कोणी म्हणत नाही, पण तेच जास्त वेळा खरं असतं. ही भीती नुसती पैसे जाण्याची नसते. आपण फसलो हे उद्या घरच्यांना कळेल, 'एवढे दिलेस?' असं कोणीतरी विचारेल, चार ठिकाणी चौकशी न करता घेतलं म्हणून आपणच स्वतःला बोल लावू, ही त्यातली मोठी बाजू. शिवाय आपल्याला यातलं काही कळत नाही हे समोरच्या विक्रेत्यालाच कळेल, ही आणखी एक. म्हणून तर लोक प्रश्न विचारत नाहीत. माहितीपत्रकात तीन अवघड शब्द ओळीने आले की माणूस अर्थ विचारत नाही, 'छान आहे' म्हणतो आणि पत्रक घडी करून ठेवून देतो.

ग्राहकाचं मानसशास्त्र या नावाखाली जे काही वाचायला मिळतं त्याचा सूर बहुतेक वेळा शिकारीचा असतो. अमुक रंग वापरा, तमुक शब्द वापरा, किमतीच्या शेवटी नऊ टाका, म्हणजे तो घेतोच. त्यातलं काही खरंही आहे. पण टिकलेल्या व्यवसायांचा इतिहास चाळला की मला वेगळंच दिसतं. ज्यांनी ग्राहकाची एखादी भीती नेमकी ओळखली आणि ती स्वतःच्या डोक्यावर घेतली, ते पुढे गेले.

सिल्व्हन गोल्डमन या अमेरिकी दुकानदाराची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. ओक्लाहोमा सिटीत त्याची किराणा दुकानं होती. लोक हातात टोपली घेऊन फिरत, ती जड झाली की खरेदी थांबवत. १९३७ मध्ये त्याने चाकांची ढकलगाडी आणली. हिशेब सरळ होता: हात मोकळे राहिले की माणूस जास्त घेईल. लोकांनी मात्र गाड्यांना हात लावला नाही. तरुण पुरुषांना वाटलं, एक टोपली उचलता येत नाही की काय आपल्याला. तरुण बायकांना ती बाबागाडीसारखी वाटली, आणि ते काम त्यांच्याकडे आधीच भरपूर होतं. म्हाताऱ्यांना वाटलं, आपण अगदीच थकलोय असं दिसेल. गाडीत काहीच खोट नव्हती. ती ढकलताना आपण कसे दिसू, एवढाच प्रश्न होता.

गोल्डमनने मग वेगळीच युक्ती केली. त्याने वेगवेगळ्या वयाची स्त्री-पुरुष माणसं पगारावर ठेवली आणि त्यांना दारापाशी गाड्या ढकलत खरेदी करायला लावलं. आत येणाऱ्याला दिसे की सगळेच वापरताहेत. मग त्यानेही घेतली. नाटकच होतं ते, आणि त्यात थोडी लबाडी होती हे मान्य करायला हवं. पण लाज नेमकी कुठे आहे हे त्याने ज्या बारकाईने पाहिलं, ती बारकाई मला आजच्या कितीतरी महागड्या सर्वेक्षणांत दिसत नाही. सर्वेक्षणात 'गाडी का वापरत नाही?' असं विचारलं असतं तर 'गरज वाटली नाही' असंच उत्तर आलं असतं.

त्याच्याही आधीचं उदाहरण पॅरिसचं. ऑरिस्टिड बूसिको १८५२ मध्ये 'बों मार्शे' या दुकानात भागीदार झाला. त्या काळी कापडाच्या दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घेणं जवळजवळ बंधनच असे, आणि वस्तूचा भाव घेणाऱ्याचं तोंड पाहून ठरे. बूसिकोने प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावली, घेण्याची सक्ती न करता कोणालाही आत फिरू दिलं आणि पसंत न पडलेला माल परत किंवा बदलून घेण्याची सोय ठेवली. या कल्पना एकट्या त्याच्या डोक्यातून आलेल्या नव्हत्या, इतरही काही दुकानदार त्या दिशेने चालले होते. त्याने त्या एकत्र आणल्या आणि मोठ्या प्रमाणावर राबवल्या. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहा. छापील किमतीमुळे 'शेजारणीला स्वस्त दिलं असेल का?' हा संशय गेला. मोकळ्या प्रवेशामुळे अडकण्याची धास्ती गेली. परतीमुळे चुकण्याची गेली. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, कारण आपण या तिन्ही गोष्टी गृहीत धरतो. मोठं डिपार्टमेंट स्टोअर नावाची गोष्ट उभी राहिली ती मात्र यांच्या आधारावर.

माणूस मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याच्या दुःखाला जास्त वजन देतो, हे दुकानदारांना अंदाजाने ठाऊक होतं. त्याला नीट मांडणी मिळाली १९७९ मध्ये, डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधात. पुढे १९९२ मध्ये त्यांनी अंदाज बांधला की नुकसान हे तेवढ्याच फायद्याच्या साधारण दुपटीहून थोडं अधिक टोचतं. हा आकडा सगळीकडे तसाच लागू पडतो असं नाही, त्यावर अजून वाद चालतात. दिशा मात्र पटण्यासारखी आहे. कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांच्या १९९० च्या प्रयोगात अर्ध्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग दिला आणि विचारलं, कितीला विकाल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? तो मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती.

आता १९८५ मध्ये कोका-कोलाने काय केलं ते पाहू. स्पर्धक पुढे सरकत होता, त्याचं पेय जास्त गोड होतं. कंपनीने नवी चव तयार केली आणि सुमारे दोन लाख लोकांना ती चाखायला दिली. बहुसंख्यांना नवी चव जास्त आवडली. २३ एप्रिलला घोषणा झाली, जुनं पेय बंद, नवं सुरू. लोक खवळले. फोन आणि पत्रांचा भडिमार झाला, काहींनी जुन्या बाटल्यांचा साठा करून ठेवला. ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनं पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. हे उदाहरण सहसा 'बाजार संशोधनावर विसंबू नका' असं सांगण्यासाठी देतात. मला तो निष्कर्ष आळशी वाटतो. संशोधन ठीकच होतं, विचारलेला प्रश्न अपुरा होता. 'यातलं कोणतं जास्त आवडतं?' हा मिळवण्याचा प्रश्न झाला. 'हे मिळेल, पण ते कायमचं जाईल, चालेल का?' हा गमावण्याचा. दोन पेल्यांतला एक निवडताना कोणाच्याही मनात काही गमावण्याचा विचार येत नाही. व्यवसायात काही बदलायची वेळ आली, म्हणजे ॲपची रचना, पॅकिंग, कामाच्या वेळा, जुनी योजना, की मी माणसांना एवढंच विचारायला सांगते: यामुळे जुन्या गिऱ्हाइकाचं काय जातंय? त्याला जे मिळणार आहे त्याची यादी सगळ्यांकडे तयार असते.

आता माझ्या म्हणण्याला अडचणीत आणणारं उदाहरण. अमेरिकेतल्या जेसीपेनी या जुन्या दुकानसाखळीत नोव्हेंबर २०११ मध्ये रॉन जॉन्सन हे नवे प्रमुख आले. ॲपलची दुकानं उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जेसीपेनीत त्या वेळी बराचसा माल निम्म्या किमतीत किंवा त्याहून कमीत विकला जाई. म्हणजे मूळ छापील किंमत नावापुरतीच. जॉन्सन म्हणाले, हा खोटेपणा पुरे. कूपनं बंद, सततचे सेल बंद, पहिल्यापासूनच कमी आणि खरी किंमत लावू. पॅरिसमध्ये बूसिकोने केलं त्याच जातीचं हे पाऊल. माझ्या सिद्धांतानुसार गिऱ्हाईक खूश व्हायला हवं होतं. २०१२ मध्ये विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन यांना जावं लागलं.

यावर 'लोकांना फसवूनच घ्यायचं असतं' असं म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. मी या प्रकरणावर बराच विचार केला आहे आणि मला ते तसं वाटत नाही. एखादा शर्ट रास्त किमतीला मिळतोय की नाही, हे घेणाऱ्याने ठरवायचं कशावरून? कापडाचा खर्च, शिलाई, वाहतूक त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे तुलनेला एकच गोष्ट असते, खोडलेला जुना आकडा. तो खोटा असेल हेही त्याला अर्धवट माहीत असतं, तरी कशाच्या तरी आधाराने 'मी बरं केलं' असं म्हणता येतं. जॉन्सन यांनी तो आधार काढून घेतला आणि त्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही. 'ही किंमत खरी आहे, आमच्यावर विश्वास ठेवा,' एवढंच. कालपर्यंत रोज खोडलेले आकडे दाखवणाऱ्या दुकानाने आज एकदम विश्वास मागावा हेही जरा गमतीचंच. शिवाय कूपन कापून, तारीख लक्षात ठेवून वस्तू स्वस्तात मिळवली यात घेणाऱ्याची स्वतःची हुशारी होती, घरी जाऊन सांगण्यासारखी. सरसकट कमी किमतीत ती हुशारी दाखवायला जागाच उरली नाही.

मनाला आकड्याचा आधार किती लागतो हे कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७४ च्या निबंधात दाखवलं होतं. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते आतून असं जुळवलेलं होतं की काटा १० वर किंवा ६५ वरच थांबे. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांतले किती टक्के देश आफ्रिकेतले असतील? ज्यांनी १० पाहिला त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ होता, ज्यांनी ६५ पाहिला त्यांचा ४५. चक्राचा आफ्रिकेशी काही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं, तरीही. माहीत नसलेल्या प्रदेशात शिरताना मन हाती लागेल तो खांब धरतं. म्हणून दरपत्रक लिहिताना मी एकटा आकडा कधी ठेवत नाही. त्याच्या शेजारी काहीतरी खरं उभं करते. या कामाला किती तास लागतात, हे स्वतः करायचं ठरवलं तर काय काय आणावं लागेल, याहून लहान काम घेतलं तर काय कमी मिळेल, असं काहीतरी. खोट्या खोडलेल्या किमतीचं काम खऱ्या तुलनेने होतं, फक्त ती तुलना शोधायला बसावं लागतं. खोटा आकडा लिहायला काय, एक क्षण पुरतो.

वाट पाहण्याचं प्रकरण याहून सोपं आहे आणि तरीही सर्वात दुर्लक्षित. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेतल्या माणसाच्या मनावर लिहिलं. रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. किती थांबायचं हे ठाऊक नसलं की तो आणखी ताणतो, कारण सांगितलं नाही की आणखी, आणि मागून आलेला पुढे गेला की तर विचारूच नका. या सगळ्याच्या मुळाशी 'आपल्याला विसरले तर नाहीत ना?' ही भीती असते. रायन ब्युएल आणि मायकेल नॉर्टन यांनी २०११ मध्ये प्रवासाची तिकिटं शोधणाऱ्या वेबसाइटवर एक गोष्ट करून पाहिली. शोध चालू असताना आता कोणत्या विमान कंपनीची माहिती तपासली जातेय हे पडद्यावर दाखवलं. लोकांना ती सेवा अधिक मोलाची वाटली. काही वेळा तर ताबडतोब उत्तर देणाऱ्या साइटपेक्षाही ही थांबायला लावणारी, पण काम दाखवणारी साइट त्यांना जास्त आवडली.

याचा गैरफायदा घेता येतोच. काम संपलेलं असताना गोल फिरणारं चिन्ह दाखवत राहणारी सॉफ्टवेअरं आहेत. पण ज्यांचं काम खरोखर पडद्यामागे चालतं त्यांनी ते दाखवायला हरकत काय? दुरुस्तीला दिलेल्या वस्तूबद्दल तिसऱ्या दिवशी 'उघडून पाहिलं, अमुक भाग मागवलाय, गुरुवारपर्यंत येईल' असा मेसेज आला, तर माणूस आठवडाभर निवांत असतो. मेसेज नसेल तर तो चौथ्या दिवसापासून फोन करू लागतो आणि विक्रेता मला सांगतो, गिऱ्हाइकं फार त्रासदायक झालीत हल्ली.

पैसे घेतल्यानंतरच्या शांततेबद्दल मात्र मला जरा रागानेच लिहावंसं वाटतं. विकेपर्यंत दिवसाला दोन फोन, आणि पैसे जमा झाले की कोणी ओळख दाखवत नाही. यामागे समज असा की घेतलं म्हणजे भीती संपली. खरं तर ती तेव्हाच वर येते. १९५७ मध्ये, म्हणजे लिऑन फेस्टिंगर यांचा मनातल्या विसंगतीचा सिद्धांत आला त्याच वर्षी, नव्याने मोटार घेतलेल्या लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आढळलं असं की ते आपण घेतलेल्याच मोटारीच्या जाहिराती जास्त वाचत होते. जी मोटार दारात उभी आहे तिची जाहिरात कशाला वाचायची? आपण बरोबर केलं असं कोणीतरी सांगावं म्हणून. जाहिरातीवर खर्च करणाऱ्याला या गोष्टीने खडबडून जागं व्हायला हवं. आपलं सर्वात मन लावून वाचणारं गिऱ्हाईक आपण आधीच जिंकलेलं आहे, आणि त्याच्यासाठी आपण एक ओळही लिहिलेली नाही.

कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा थंड पाण्याचा प्रयोग इथे आठवतो. माणसांनी एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या पाण्यात हात ठेवला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाण्याचं तापमान हळूहळू एका अंशाने वाढवलेलं. यातलं काय पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं, एकूण त्रास जास्त असलेलं निवडलं, कारण त्याचा शेवट बरा होता. आठवण सगळ्या वेळेची बेरीज करत नाही, सर्वात तीव्र क्षण आणि शेवट जपून ठेवते. व्यवसायात शेवट कोणाच्या हाती असतो? बिल करणाऱ्याच्या, पार्सल बांधणाऱ्याच्या, 'सेवा बंद करायची आहे' या फोनला उत्तर देणाऱ्याच्या. म्हणजे ज्यांना सर्वात कमी पगार, सर्वात कमी अधिकार आणि सर्वात जास्त घाई असते त्यांच्या. विक्रीच्या प्रशिक्षणावर होणाऱ्या खर्चातला थोडा हिस्सा या माणसांना एखादी चूक जागेवरच निस्तरायचा अधिकार देण्यात गेला तर बरं, असं मी सुचवते. हे फारसं कोणी ऐकत नाही.

सगळंच भीतीच्या खात्यात जमा होत नाही, हेही सांगायला हवं. जोसेफ न्यून्स आणि झाव्हिए द्रेझ यांनी २००६ मध्ये मोटारी धुण्याच्या केंद्रावर ३०० कार्डं वाटली. अर्ध्यांवर आठ शिक्क्यांची जागा, उरलेल्यांवर दहाची, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोन्हीकडे आठच वेळा यायचं होतं. पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४ टक्के लोकांनी. इथे कसली भीती? सुरुवात झालेली आहे एवढ्या भावनेनेच माणूस पुढे चालतो. मला असे प्रयोग गमतीचे वाटतात, पण त्यांच्यावर व्यवसाय उभा राहत नाही. गाडी नीट धुतली जात नसेल तर बारा शिक्के आधी मारून दिले तरी काय होणार.

आणि या क्षेत्रातल्या प्रत्येक 'सिद्ध झालेल्या' गोष्टीवर मान डोलावण्याआधी थोडं थांबावं. १९५७ मध्ये जेम्स व्हिकारी या बाजार संशोधकाने जाहीर केलं की चित्रपटाच्या पडद्यावर डोळ्यांना न जाणवणारे संदेश झळकवून त्याने विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. पाच वर्षांनी त्याने स्वतःच कबूल केलं की हाताशी असलेली माहिती काही निष्कर्ष काढण्याइतकी नव्हती. पर्याय वाढले की खरेदी घटते, हा २००० चा शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा निष्कर्ष सगळ्यांच्या तोंडी आहे. २०१० मध्ये अशा पन्नासेक प्रयोगांची एकत्र पाहणी झाली तेव्हा सरासरी परिणाम शून्याजवळ निघाला, कुठे पर्याय नडले, कुठे उपयोगी पडले. प्रामाणिकपणा कसा वाढवावा यावरचा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला, कारण त्यातली आकडेवारी बनावट असल्याचं उघडकीला आलं. विषय प्रामाणिकपणाचा, म्हणून जास्तच लागतं. तेव्हा प्रयोगातून आपल्या गिऱ्हाइकाकडे कसं पाहावं एवढं उचलावं आणि टक्केवारी तिथेच सोडावी.

ज्या ज्ञानाने भीती ओळखता येते त्यानेच ती तयारही करता येते. 'शेवटचे दोनच शिल्लक', 'आत्ता आणखी चौदा जण हेच पाहताहेत', पुन्हा उघडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारं उलटं घड्याळ. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा रचनांना 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. त्या का टिकतात याचं कारण साधं आहे: त्या मोजता येतात. उलटं घड्याळ लावलं की या आठवड्याची विक्री वाढलेली दिसते. दबावाखाली खरेदी केलेला माणूस पुढच्या वर्षी आलाच नाही, हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, कारण न आलेल्या माणसाची नोंद होत नसते. ज्याचा पगार या आठवड्याच्या आकड्यावर ठरतो तो घड्याळ काढणार नाही, त्याला दोष देऊनही उपयोग नाही.

कधीकधी मात्र हिशेब एकदम पुढ्यात येतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा केला. आरोप असा की लोकांना पुरेशा संमतीविना प्राइमचं सदस्य करून घेतलं जात होतं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड ठेवलं होतं. तक्रारीत म्हटलं होतं की सदस्यत्व रद्द करण्याच्या त्या लांबलचक वाटेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हणत, ट्रॉयच्या युद्धावरच्या त्या प्रचंड ग्रीक महाकाव्याच्या नावावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता अडीच अब्ज डॉलर देण्याची तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी. एवढ्या मोठ्या कंपनीला हे पेलतं. ज्यांच्यासाठी मी लिहिते त्यांना ना असा दंड परवडतो, ना बदनामी.

मग ते घाबरतात, आणि हा या सगळ्यातला कमी बोलला जाणारा भाग आहे. विक्रेताही घाबरलेला असतो. लोक वापरून परत आणतील, पैसे बुडवतील, कामाची कल्पना घेऊन दुसऱ्याकडून स्वस्तात करून घेतील. म्हणूनच 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लागते आणि अटींचा कागद चार पानी होतो. दोन घाबरलेली माणसं समोरासमोर बसतात आणि दोघंही वाट पाहतात, आधी समोरच्याने विश्वास ठेवावा म्हणून. यात पहिलं पाऊल विक्रेत्याने का टाकायचं, याचं उत्तर मला अर्थशास्त्रात मिळालं. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलं: चांगली गाडी कोणती हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीवाले हळूहळू बाजारातून निघून जातात. यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे हमी, असं त्यांनी तिथेच नोंदवलं. माल खराब असेल तर हमी विक्रेत्यालाच बुडवते, त्यामुळे ती देणाऱ्याच्या बोलण्याला आपोआप वजन येतं. माल किती चांगला आहे हे ज्याला माहीत आहे, त्यानेच धोका उचलणं स्वस्त पडतं.

हमी द्यायची ठरली तरी किती दिवसांची, हा प्रश्न उरतोच. त्यावर अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीचा अनुभव मी पुष्कळांना सांगते. १९१२ मध्ये लिऑन बीन यांनी शिकाऱ्यांसाठी बूट बनवून पहिले १०० जोड विकले आणि त्यातले ९० परत आले, शिवण उसवून. त्यांनी पैसे परत केले, बूट सुधारला आणि धंदा तिथून वाढला. पुढे कंपनी कितीही जुनी वस्तू परत घेत असे. २०१८ मध्ये ते बंद करून मुदत एक वर्ष आणि खरेदीचा पुरावा अशी केली, कारण लोक इतरांकडून जुन्यात घेतलेल्या, पार झिजलेल्या वस्तू आणून नव्या मागू लागले होते. आधीच्या पाच वर्षांत अशा परतीपायी २५ कोटी डॉलर गेल्याचं कंपनीने सांगितलं. म्हणजे विक्रेत्याची भीती अगदीच काल्पनिक नसते. पण शंभर वर्षं चाललेल्या धंद्याने मुदत एका वर्षावर आणली, शून्यावर नाही.

त्यामुळे मुदत ठरवताना मी मालकाला एकच विचारते. घेणाऱ्याला आपला निर्णय बरोबर होता की चूक हे कळायला किती दिवस लागतात? बुटाला दोन पावसाळे लागत असतील, गादीला महिना, भाषेच्या वर्गाला सहा-आठ तास, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला एक आर्थिक वर्षअखेर. हमी त्या दिवसाच्या आधी संपत असेल तर तिचा काही उपयोग नाही, आणि त्या दिवसाच्या फार पुढे नेली तर एल. एल. बीनसारखा खर्च येतो. बहुतेक मालकांना हे उत्तर लगेच देता येत नाही. ते म्हणतात, जुन्या गिऱ्हाइकांना विचारून सांगतो. आणि तिथे पहिल्यांदाच, विकायला नव्हे तर विचारायला म्हणून, ते फोन उचलतात.